ॲड-ऑन विमान घेण्याआधी ॲक्टिव्हेशन किती वेळा मिळतं ते विचारा, मी दोनदा पैसे भरून बसलोय

फ्लाइट सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय, पण ट्रेन आणि ट्रकच्या सिम्युलेटरवाल्यांनी पण वाचा, कारण ॲक्टिव्हेशनवालं ॲड-ऑन घेतलं की तिथेही हेच होऊ शकतं. ॲड-ऑन म्हणजे मूळ खेळात वेगळं विकत घेऊन जोडायचं विमान किंवा गाडी, आणि ॲक्टिव्हेशन म्हणजे ते तुमच्या कॉम्प्युटरवर चालायला कंपनीच्या सर्व्हरकडून घ्यायची परवानगी. एकच विमान मी दोन वेळा विकत घेतलं, दोन्ही वेळा रीतसर, आणि आज त्याचं साधं बॅटरीचं बटण पण माझ्याकडे चालू होत नाही.

विमान खरंच सुंदर बनवलं होतं, ते आधी सांगतो. दोन इंजिनांचं प्रवासी विमान, वरच्या पॅनेलवरचा एकूण एक स्विच चालणारा, एक हायड्रॉलिक पंप बंद केला तर त्याचा परिणाम पुढे कुठे कुठे होतो ते पण दिसायचं. पूर्ण बंद विमानापासून सुरुवात करायची, बॅटरी, एपीयू (मुख्य इंजिनं बंद असताना वीज देणारं छोटं इंजिन), नेव्हिगेशनचं अलाइनमेंट, मग कॉम्प्युटरमध्ये रूट भरायचा, हे सगळं हाताला बसायला मला रोज रात्री तासभर धरून अडीच महिने लागले. म्हणून ते गेलं तेव्हा नुसते पैसे गेले असं वाटलं नाही.

विक्रीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, एकदा घ्या, कायम तुमचं. ३ ॲक्टिव्हेशन हा आकडा लायसन्सच्या करारात कुठेतरी खाली होता, तो मला नंतर सापडला.

आता हे कसं चालतं ते नीट समजून घ्या कारण इथेच सगळी मेख आहे. इन्स्टॉल करताना प्रोग्रॅम तुमच्या मदरबोर्डचा नंबर, हार्ड डिस्कचा सिरियल, नेटवर्क कार्डचा पत्ता असलं काय काय गोळा करतो, त्याचा मिळून एक कोड बनवतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवतो. यातलं काही बदललं की कोड बदलू शकतो, आणि कोड बदलला की सर्व्हरच्या लेखी तुम्ही दुसऱ्याच कॉम्प्युटरवर आलात. माझं पहिलं ॲक्टिव्हेशन खरेदीच्या दिवशी गेलं. दुसरं हार्ड डिस्क मेली तेव्हा. नियम असा की जुन्या ठिकाणी आधी डीॲक्टिव्हेट करा म्हणजे तुमचं ॲक्टिव्हेशन परत मिळेल, पण ते बटण प्रोग्रॅमच्या आत, प्रोग्रॅम मेलेल्या डिस्कवर, मग माणसाने ते दाबायचं कुठून? हा प्रश्न मी त्यांना तीन वेळा विचारला, एकदाही सरळ उत्तर आलं नाही. तिसरं मदरबोर्ड बदलला तेव्हा गेलं. आणि मग एक दिवस मी फक्त नवीन नेटवर्क कार्ड लावलं, बाकी काहीही हलवलं नाही, तर स्क्रीनवर मेसेज, मर्यादा संपली.

सपोर्टला लिहिलं. ९ दिवसांनी उत्तर आलं की पावती पाठवा, पाठवली, मग ऑर्डर नंबर पाठवा, तोही पाठवला (पावतीवर होताच), मग म्हणाले खरेदीला २ वर्षं उलटली त्यामुळे फुकट रिसेट बसत नाही, पण जुने ग्राहक म्हणून नवीन लायसन्सवर सवलत देतो. मी चिडलो होतो पण विमानात जीव अडकलेला, घेतलं. ही चूक तुम्ही करू नका.

चार महिन्यांनी त्यांची साइटच बंद झाली. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की हे विमान दर ३० दिवसांनी सर्व्हरला विचारून घेतं, हा माणूस खरा ना म्हणून. एका रात्री समुद्रावरून जात असताना, अर्धा रस्ता झालेला, कॉकपिटमधले सगळे डिस्प्ले एकदम काळे पडले. मला आधी वाटलं काहीतरी फेल्युअरचा सराव चुकून चालू राहिला, मी चेकलिस्ट काढून बसलो, मग मेसेज आला की लायसन्स तपासता येत नाही. ईमेल परत येतायत, बँकेने सांगितलं तक्रारीची मुदत निघून गेली. मला सवलत देऊन दुसरं लायसन्स विकलं तेव्हा दुकान गुंडाळायचं ठरलं होतं की नाही ते मी सिद्ध करू शकत नाही, पण चार महिने आधी पैसे घ्यायचे आणि मागे सर्व्हरशिवाय विमान चालवून देणारा एक साधा पॅच (दुरुस्तीची फाइल) पण ठेवायचा नाही, याला मी फसवणूकच म्हणणार.

आणि हे छोट्या कंपन्यांपुरतं नाही. २०१३ साली सिमसिटी हा शहर वसवायचा गेम आला तेव्हा एकट्याने शहर वसवायलाही सतत इंटरनेट लागायचं, पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक बाहेर थांबले, ऑफलाइन खेळायची सोय यायला २०१४ उजाडलं. सेफडिस्क नावाचं कॉपी रोखणारं संरक्षण असलेल्या जुन्या गेमच्या सीडी २०१५ च्या विंडोज १० वर चालेनाशा झाल्या, कारण त्यांचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी काढला, म्हणजे मूळ सीडी कपाटात असून उपयोग नाही. २०१८ मध्ये तर फ्लाइट सिम लॅब्ज या ॲड-ऑन बनवणाऱ्या कंपनीच्या ए३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये क्रोममधले पासवर्ड काढणारी फाइल सापडली, कंपनीचं म्हणणं ती फक्त चोरीचा लायसन्स नंबर वापरणाऱ्यासाठी होती, पण फाइल तर सगळ्यांच्या डाउनलोडमध्ये आली ना! तेव्हापासून कोणी इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा म्हटलं की मी दहादा विचार करतो.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. माझी तक्रार कुठेतरी वाचून एका अनोळखी माणसाने मेसेज केला की तुमचा हार्डवेअर कोड रिसेट करून देतो, थोडे पैसे द्या आणि कॉम्प्युटरचा रिमोट ॲक्सेस द्या. देऊ नका. ज्याचं विमान बंद पडलंय तो कुठल्याही टोकाला जाईल हे या लोकांना पक्कं माहीत असतं. क्रॅकचंही (लायसन्सची तपासणी काढून टाकलेली चोरीची प्रत) तेच, आत काय घातलंय ते तुम्हाला दिसत नाही.

आता मी घेण्याआधी विक्रेत्याला ईमेल करतो, लेखी उत्तर मागतो. ॲक्टिव्हेशन किती, दर वर्षी परत मिळतात का, डीॲक्टिव्हेट त्यांच्या साइटवरून करता येतं की फक्त प्रोग्रॅममधून, एकदा चालू झाल्यावर परत सर्व्हरला विचारतं का, आणि कंपनी बंद पडली तर काय. इन्स्टॉलर, पावती आणि तो ईमेल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवतो. हार्डवेअर बदलायचं असेल तर आधी डीॲक्टिव्हेट, मग स्क्रू ड्रायव्हर. गेल्या महिन्यात दोघांना असं विचारलं. एकाने दुसऱ्याच दिवशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, त्याचं विमान घेतलं. दुसऱ्याचं अजून उत्तर नाही, फक्त सवलतीचा कूपन कोड आलाय.