आर्वीच्या बाजारातील सायकल दुरुस्तीचे दुकान

गोव्यात मिरामार किनाऱ्यावरून सुरू होणाऱ्या 'आयर्नमॅन ७०.३' शर्यतीत, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशा तिहेरी कसोटीत, उतरण्यापूर्वी मी माझी सायकल या दुकानात तयार करून घेतली. आमच्या पांदणरस्त्यांवर सराव करताना बाभळीच्या काट्यांनी ट्यूब फुटणे नित्याचेच असल्याने मिस्त्रींनी टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी अस्तरासारखी बसवली. वजन थोडे वाढले, परंतु सरावात आणि शर्यतीतही एकदाही पंक्चर झाले नाही. मागचा गिअर मात्र नीट जुळवलेला नव्हता, त्यामुळे चढावर साखळी दोनदा उतरली आणि माझी चार मिनिटे (हौशी स्पर्धकालाही ती बोचतातच) वाया गेली. मजुरी १५० रुपये. रेसिंग सायकलचे सुटे भाग येथे मिळत नाहीत; ते नागपूरहूनच आणावे लागतात.