बेळगाव-खानापूरच्या हवेत गिटारच्या तारा: फॉस्फर ब्राँझ घ्याव्यात की कोटेड?

अ‍ॅकूस्टिक गिटारच्या तारा बदलायच्या म्हटल्या की दुकानदार साधारणपणे तीन प्रकारचे सेट पुढे ठेवतो: ८०/२० ब्राँझ, फॉस्फर ब्राँझ आणि लेप दिलेल्या, म्हणजे कोटेड तारा. निवड करताना नादाइतकाच आपल्या गावच्या हवेचाही विचार करावा लागतो, कारण कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळाभर घरांच्या भिंतींना ओल धरते, तर त्याच जिल्ह्यातील अथणीकडे पाऊस बेताचाच पडतो.

८०/२० तारांच्या वेटोळ्यात, म्हणजे आतल्या पोलादी तारेभोवती गुंडाळलेल्या तारेत, सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते. नाव ब्राँझ असले तरी धातूच्या दृष्टीने ते पितळच होय. त्यांचा नाद सुरुवातीला अतिशय खणखणीत असतो, पण ही चमक लवकर उतरते. रेकॉर्डिंग तोंडावर आले असेल तर त्या घ्याव्यात. रोजच्या सरावासाठी त्यांची शिफारस करणे कठीण आहे.

खरी तुलना उरलेल्या दोघांत आहे. फॉस्फर ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील आणि अल्प प्रमाणात फॉस्फरस असतो. डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये गिटारसाठी आणलेल्या या तारांचा नाद अधिक उबदार असतो, आणि ८०/२० च्या मानाने त्या गंजण्यास व काळवंडण्यास अधिक काळ तोंड देतात. कोटेड तारांवर पॉलिमरचा अतिशय पातळ थर असल्यामुळे घाम, मळ आणि दमट हवा वेटोळ्यांच्या फटींत शिरत नाही व तारा कितीतरी अधिक काळ टिकतात. मात्र त्यांची किंमत साध्या सेटच्या सहज दुप्पट-तिप्पट असते, नव्या तारांचा नाद किंचित मऊ वाटतो, बोटांखाली त्या निसरड्या लागतात, आणि जाड पिकने, म्हणजे तारा छेडण्याच्या चकतीने, जोरकस वाजवणाऱ्यांच्या तारांवरील थराचे कालांतराने धागे सुटू लागतात. पाकिटावरचा मजकूर वाचून घेणेही आवश्यक आहे, कारण काही सेटमध्ये लेप फक्त वेटोळ्याच्या तारांवर असतो आणि पहिल्या दोन साध्या, वेटोळे नसलेल्या पोलादी तारा, ज्या दमट हवेत सर्वांत आधी गंजतात, त्या तशाच उघड्या राहतात.

माझ्या मते खानापूर, जांबोटी, हलियाळ, कारवार या पट्ट्यात कोटेड तारांचे जास्तीचे पैसे पावसाळ्यातच वसूल होतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडे साधा फॉस्फर ब्राँझचा सेट घ्यावा आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने वरखाली पुसावी. बेळगाव शहराचे उत्तर वाजवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे: ज्याच्या तळव्यांना घाम येतो त्याने कोटेड, इतरांनी फॉस्फर.

जाडीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. १२-५३ चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लाइट सेट सुरात लावल्यावर गिटारवर एकूण सुमारे ७० किलोचा ताण येतो, तर १०-४७ च्या एक्स्ट्रा लाइट सेटचा ताण त्याहून बराच कमी असतो. शिकाऊ बोटांना दुसरा सुखावह, पण आवाजाला भरदारपणा पहिल्याचाच. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर मात्र पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली लाकडी पट्टी, त्या ताणाने उखडू शकतो.

तारा दुकानात बदलून घ्याव्यात की घरी, याविषयी मी घरच्या बाजूचा आहे, कारण जुन्या तारा उतरलेल्या असतानाच फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेली फळी, नीट पुसता येतो. तारा आधी खुंट्या फिरवून सैल कराव्यात, ताणलेल्या स्थितीत कापू नयेत. नवी तार बसवताना तिच्या टोकाचा गोळा ब्रिजच्या भोकात सोडून पिन हलकेच दाबावी आणि तार वर ओढावी, म्हणजे गोळा आतील फळीला टेकतो. तो पिनच्या टोकावरच अडकला तर सुरात लावताना पिन उडून येते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. फ्रेटमध्ये खड्डे पडले असतील किंवा मान वाकली असेल, तर मात्र जाणकार कारागिराकडे जावे. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी आतली धातूची सळई, अंदाजाने फिरवण्याची गोष्ट नव्हे.

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात, म्हणून गिटार उघडी भिंतीला न टांगता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केसमध्ये ठेवावी आणि पुड्या ओल शोषून भरल्या की बदलाव्यात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट घडते: फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके कडेला बोटांना टोचू लागतात. त्या दिवसांत सिलिका जेल काढून टाकावे, रोजवूडच्या फ्रेटबोर्डला गिटारसाठीच्या तेलाचे दोन-चार थेंब चोळून लगेच पुसून घ्यावेत, आणि गिटार बंद गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नये, कारण तेवढ्या उष्णतेने ब्रिजचा गोंदही सैल पडतो.