नागपूरचं तिबेटी स्वेटर मार्केट : मायनस तीसमध्ये वापरून पाहिलेल्या सामानाचा रिव्ह्यू

थंड देशात मिशनवर जाणाऱ्या कोणत्याही पोराला-पोरीला मी एकच सांगतो, बाप्पा आधी तिबेटी मार्केटमध्ये जा, मॉलमध्ये नंतर. दर हिवाळ्यात आपल्या नागपुरात ते स्वेटरवाले येतात ना, तेच. आपण सगळे लहानपणापासून तिथूनच मंकी कॅप घेत आलो, पण तिथलं सामान मंगोलियाच्या थंडीत रोज अंगावर घालून आलेला माणूस सहसा भेटत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलो.

मी ब्रदर आहे, म्हणजे फादर व्हायचा आहे अजून, शिक्षणाच्या मधात मिशनमध्ये प्रॅक्टिकलला पाठवतात तसं मला मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला पाठवलं होतं. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर गेला होता तर अख्ख्या शहरात तोच विषय होता, आणि तिथं जानेवारीच्या रात्री मायनस तीसच्या खाली जाते. जगातल्या राजधान्यांमध्ये सगळ्यात थंड तेच शहर आहे. घरी आईला तर वाटून राहिलं होतं की पोरगा आता गोठूनच जाते.

तर मार्केटबद्दल. पहिली गोष्ट, तिथं रेट फिक्स आहे, घासाघीस करत बसू नका. दुसरी, तिथलं सगळंच सामान काही हातानं विणलेलं नसते, बराचसा माल लुधियानाचा फॅक्टरी माल असते आणि विचारलं तर ते लोक खरं सांगतात, लपवत नाहीत. मी ज्या आंटीकडून घेतलं त्यांचं कुटुंब गोंदियाकडच्या नॉर्ग्येलिंगचं, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची मोठी वस्ती आहे ती. मी सांगितलं की मंगोलियाला चाललो, तर त्यांनी समोर ठेवलेला जाड, झगमग डिझाइनवाला स्वेटर स्वतःच उचलून बाजूला केला. म्हणाल्या, "भैया ये नागपूर के लिए ठीक है, वहाँ के लिए नहीं." मग दोन मोज्यांतून एकेक धागा ओढला आणि माचिस लावली. एक धागा वितळला आणि टोकाला प्लास्टिकसारखा कडक गोळा झाला, तो अॅक्रिलिक. दुसऱ्याला केस जळल्यासारखा वास आला आणि बोटानं दाबल्यावर राख भुगा होऊन गेली, ती खरी लोकर. विकायला बसलेला माणूस स्वतःचाच माल असा जाळून दाखवते, मला तर तिथंच विश्वास बसला.

हा फरक तिथं गेल्यावर समजते, इथं नाही. खरी लोकर घाम आणि श्वासाची वाफ पिऊन घेते तरी अंगाला ओली लागत नाही. कॉटन तर घालूच नका आतून, कॉटन ओलं झालं की सुकत नाही आणि बाहेर थांबलं की तोच ओलावा अंगातली गरमी ओढून घेते. बनियान कॉटनची घालायची आपली सवय असते, तेवढी मोडा.

आता आमचा दिवस कसा असते ते सांगतो, म्हणजे कशाला काय लागते ते कळेल. सकाळी अंधारातच उठून प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, नाश्ता, मग भाषेचा क्लास. मंगोलियन भाषा रशियन लिपीत लिहितात, सुरवातीला तर बसवरची पाटी वाचायलाच एवढा वेळ लागायचा की बस निघून जायची. दुपारी आमच्या मिशनच्या केंद्रात मुलं येतात, त्यांचा अभ्यास घ्यायचा, गरम जेवण वाढायचं, आणि संध्याकाळी कोणी बोलावलं असेल तर गेरच्या वस्तीत भेटीला जायचं. गेर म्हणजे ते गोल तंबूचं घर. शहराच्या कडेच्या टेकड्यांवर हजारो कुटुंबं अशी राहतात, मधात शेगडी, पाणी लांबच्या टाकीवरून कॅनमध्ये भरून ढकलगाडीवर आणायचं, लहान लहान पोरं त्या बर्फावरून गाडी ओढून राहतात. हे पाहिल्यावर आपल्या थंडीची तक्रार करायला तोंडच उघडत नाही.

तिथं चर्च लय लहान आहे. १९९२ मध्ये पहिले तीन मिशनरी गेले तेव्हा जवळजवळ शून्यापासून सुरू झालं, आजही सगळ्या देशात कॅथलिक दीड हजाराच्या आसपास आहेत. त्यांचं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, पण गेरसारखं गोल बांधलंय, आणि एवढ्याशा लोकांना भेटायला २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस स्वतः गेले होते. रस्त्यात उभं राहून प्रचार वगैरे काही नसते, कायदा कडक आहे, आणि खरं सांगू तर आमचं काम म्हणजे लोकांकडे जाणं, बसणं, ऐकणं. म्हणजे पायी फिरणं. म्हणूनच मी मोजे आणि बुटांवर एवढा जीव टाकून बोलून राहिलो.

मोजे : आंटीकडचे जाड लोकरीचे मोजे, दहापैकी दहा. रोज घातले, हातानं धुतले, टाच अजून शाबूत आहे. आत एक पातळ मोजा आणि वरून हा. पण बूट एक नंबर मोठा घ्या, नाहीतर जाड मोज्यानं पाय आवळला जाते, रक्त नीट फिरत नाही आणि दोन मोजे घालूनही बोटं सुन्न होतात.

बूट मार्केटमधून नाही घेतले, ते एका मोठ्या शोरूममधून घेतले, दुकानाचं नाव घेत नाही. सेल्समननं छातीठोकपणे सांगितलं की हे स्नो बूट आहेत, मायनसला चालतात, आणि किंमत अशी की बाबांनी दोनदा बिल वाचलं. पहिल्याच कडक थंडीत सोल दगडासारखा कडक झाला आणि मग मधात आडवा तडकला. थंडीत हलकं रबर असंच वागते, आणि विकणाऱ्याला ते माहीत पाहिजे होतं. परदेशात जाऊन राहिलेल्या पोराच्या पायात असं काहीही विकणं बरोबर नाही, याचा राग मला आजही आहे. तक्रार केली तर उत्तर आलं की वापर चुकीचा झाला. शेवटी तिथल्याच नारन तूल बाजारातून आतून लोकर लावलेले बूट घेतले. म्हणून माझा सल्ला, बूट आणि बाहेरचं मोठं जॅकेट तिथं जाऊनच घ्या, विमानतळ ते घर निघेल एवढंच इथून न्या. उंटाच्या लोकरीचे मोजेही तिथं मस्त भेटतात, आमच्या मार्केटपेक्षा गरम, पण थोडे टोचतात.

स्वेटर घेताना एक गोष्ट कोणीच सांगत नाही. तिथं शहरातल्या बिल्डिंगांमध्ये सेंट्रल हीटिंग असते, सप्टेंबरच्या मधातून मेच्या मधापर्यंत चालू, आत एवढं गरम की लोक टी-शर्टवर बसतात. बाहेर मायनस तीस, आत पंचवीस. दिवसातून कितीदा तरी काढा-घाला चालते. म्हणून डोक्यातून घालायचा एक जाडजूड स्वेटर घेण्यापेक्षा समोरून बटनं किंवा चेनवाले दोन पातळ लोकरीचे घ्या. आंटीकडचं राखाडी कार्डिगन मी मिस्सापासून बसपर्यंत सगळीकडे घातलं, झग्याच्या आतही बसते, फुगत नाही. दहापैकी नऊ, एक मार्क बटनांसाठी कापला, दोन तुटून पडली.

हातमोजे : पातळ विणलेले आत आणि वरून चार बोटं एकत्र असलेले जाड. गेरमध्ये शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हात मिळवताना मोजा काढायचा, आणि चहा उजव्या हातानं घ्यायचा. तो चहा दुधाचा पण खारा असते, पहिल्या घोटाला दचकायला होते, आजीबाई समोर बसून पाहून राहतात की पोरगा पितो का नाही, तर प्यायचाच. म्हणजे हातमोजा पटकन निघणारा पाहिजे. आणि उघड्या ओल्या हातानं बाहेरचं लोखंडी फाटक धरू नका, कातडी चिकटते.

मफलर लोकरीचाच घ्या. श्वासानं तोंडासमोर बर्फ जमते, अॅक्रिलिकचा मफलर तिथं पुठ्ठ्यासारखा कडक झालेला मी दुसऱ्या ब्रदरचा पाहिला. मफलरच्या आत मास्क पण लागतोच, कारण वस्तीत घराघरात कोळसा जळते. कच्च्या कोळशावर २०१९ पासून बंदी आहे, आता कोळशाच्या दाबून बनवलेल्या विटा जाळतात, तरी जानेवारीच्या संध्याकाळी घसा खवखवतेच. मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी बघता बघता बंद पडते.

मंकी कॅपला मात्र दहापैकी पाच. आपल्या नागपूरसाठी छान आहे, तिथं वारा आरपार जाते. कानावर फर असलेली टोपी तिथूनच घ्या.

आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडमधून नागपूरला आले होते, थंडीतला माणूस आपल्या उन्हात. वस्तीतून रात्री परत येताना मला त्यांची लय आठवण यायची. त्यांनाही कोणीतरी इथल्या माणसानं सांगितलंच असेल की डोकं झाका, दुपारी फिरू नका, पाणी पीत राहा. त्या आंटीनं माझ्यासाठी तेच केलं, आणि निघताना एक जोड मोजे पैसे न घेता पिशवीत टाकले, म्हणाल्या प्रार्थनेत आमचं नाव घ्या. घेतो. रोज घेतो.

मार्केटमध्ये जायचं असेल तर डिसेंबर संपायच्या आतच जा, जानेवारीत चांगल्या साइज संपलेल्या असतात आणि मग स्टॉल उठायला लागतात. गर्दी संध्याकाळी असते, दुपारी गेलात तर निवांत बोलतात, कुठं चालले ते आधी सांगा आणि धागा जाळून दाखवायला बिनधास्त सांगा. पोरींनी हातमोजे घालून पाहूनच घ्या, लहान साइज कमी येते.