झोपाळ्याच्या पाटासाठी चपडा लाख

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी सागवानी पाटाचा जुना झोपाळा आहे. त्यावरचे पॉलिश काळवंडले होते आणि उन्हाळ्यात हाताला चिकटत असे. सुताराने पाट तासून पॉलियुरेथेनचा (प्लास्टिकसारख्या कृत्रिम वार्निशचा) लेप देण्यास सुचवले. परंतु कडीखालच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवताच जुना थर विरघळून बोळ्यावर आला, मूळ पॉलिश लाखेचेच आहे हे कळले आणि तासण्याचे कारणच उरले नाही. म्हणून सुटा चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, वापरून हे काम घरीच केले.

चपडा घेताना तो ताजा आहे की नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या दुकानातला माल रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवूनही जेलीसारखा गोळा होऊन राहिला, कारण जुना झालेला चपडा नीट विरघळत नाही. मांडवीजवळच्या दुसऱ्या दुकानातला मधाच्या रंगाचा, चुरचुरीत चपडा मात्र सकाळपर्यंत पूर्ण विरघळला. अर्धा लिटर स्पिरिटला 125 ग्रॅम हे प्रमाण योग्य ठरले. द्रावण मलमलीतून गाळले आणि पुढच्या हातांसाठी थोडे स्पिरिट घालून पातळ केले.

पाटावर आधी 180 आणि मग 320 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवला. त्यानंतर मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने सहा पातळ हात दिले. प्रत्येक हात काही मिनिटांत वाळतो. बोळा एकाच जागी थांबला तर मात्र खालचा थर उचलला जातो. स्पिरिट लगेच पेट घेते, त्यामुळे देवघरातील समई शांत झाल्यावरच काम सुरू करावे. पावसाळ्यातही ते टाळावे, कारण दमट हवेत थर पांढुरका पडतो.

सागाची जी ऊबदार, खोल छटा चपडा उठवतो, ती मला अन्य कोणत्याही लेपात दिसलेली नाही. गुजरातमधील संखेड्याच्या पारंपरिक फर्निचरातही लाखच वापरतात. तरीही जेवणाच्या टेबलासाठी मी तो सुचवणार नाही, कारण उष्णता आणि पाणी त्याला सोसत नाही. आमच्या पाटावरही दुसऱ्याच आठवड्यात चहाच्या गरम कपाचे पांढरे वर्तुळ उमटले. परंतु नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे तेवढीच जागा हलक्या हाताने घासून बोळा फिरवला आणि डाग दिसेनासा झाला.