लान्चा ३-रो: १:३५ प्रमाणातल्या संचाचे परीक्षण

दुसऱ्या महायुद्धातील वाहनांच्या प्रतिकृती जोडणाऱ्यांचा ओढा बहुधा रणगाड्यांकडे असतो आणि मालट्रक त्यांच्या मागे शोभेपुरता उभा केला जातो. इटलीच्या लान्चा कंपनीचा ३-रो हा जड ट्रक मात्र स्वतंत्रपणे पाहावा असा आहे. त्याचा १:३५ प्रमाणातला प्लॅस्टिकचा संच नुकताच जोडून झाला. मूळ ट्रकची लांबी सुमारे सात मीटर असल्यामुळे प्रतिकृती वीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. चासी आणि इंजिन यांच्या बाबतीत संच उत्कृष्ट आहे. या ट्रकचे नागरी आयुष्य मात्र त्याने जवळजवळ वगळले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

हा आक्षेप समजण्यासाठी थोडा इतिहास हवा. इटलीच्या सरकारने १९३७ मध्ये एका हुकूमान्वये मालट्रकांची मापे ठरवून दिली. जड ट्रकचे भारासह वजन १२ टनांच्या आत असावे, त्याने किमान ६ टन माल वाहावा, आणि व्यापाऱ्याच्या दारात उभा असलेला ट्रक युद्धकाळात सैन्याला तसाच ताब्यात घेता यावा, असा त्यामागचा हेतू होता. इथल्या, म्हणजे इंदूरच्या, ट्रान्सपोर्टनगरात ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एका मिस्त्रींना मी ही प्रतिकृती दाखवली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘पासिंग किती टनांचं?’, म्हणजे किती भाराची परवानगी, हाच होता. ३-रो घडला तो नेमका याच प्रश्नाच्या उत्तरातून. तो लष्करासाठी बनला तसाच सिमेंट, धान्य आणि लाकूड वाहणाऱ्यांसाठीही बनला, आणि युद्ध संपल्यावरही काही वर्षे त्याचे उत्पादन चालू राहिले.

संचातील सर्वांत समाधान देणारा भाग म्हणजे इंजिन. आधीच्या ‘रो’ ट्रकांसाठी लान्चाने जर्मनीच्या युंकर्स कंपनीच्या परवान्याने समोरासमोर पिस्टन असलेली डिझेल इंजिने बनवली होती. ३-रोसाठी मात्र पाच सिलिंडरांचे, ६,८७५ घनसेंटिमीटरचे आणि ९३ अश्वशक्तीचे स्वतःचे इंजिन बसवले. संचात हे इंजिन वेगळे जोडायचे आहे आणि एका ओळीतले पाचही सिलिंडर स्पष्ट मोजता येतात. इंधनाच्या बारीक नळ्या दिलेल्या नाहीत. त्या तांब्याच्या तारेने सहज करता येतात आणि कराव्यातच, कारण बॉनेटची बाजू उघडी ठेवल्यावर नजर प्रथम तिथेच जाते. चासीच्या लांब पट्ट्या सरळ निघाल्या. स्प्रिंगच्या पाट्यांचा प्रत्येक थर वेगळा दिसतो. एक्सल बसवताना मात्र सगळी चाके सपाट काचेवर टेकवून पाहिल्याशिवाय गोंद सुकू देऊ नये.

केबिनमध्ये स्टिअरिंग उजवीकडे आहे, आणि ही संचातली चूक नव्हे. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असूनही जड ट्रकांचे स्टिअरिंग बराच काळ उजवीकडेच राहिले, कारण डोंगरी रस्त्यावर दरीकडची कड चालकाला आपल्या चाकापाशी दिसणे महत्त्वाचे होते. इंदूरजवळचा मानपूरचा घाट उतरलेल्या कोणालाही हे कारण लगेच पटेल. केबिनच्या टपावरची त्रिकोणी पाटी पितळी पत्र्यातून कापून घ्यायची आहे. ट्रकमागे ट्रेलर जोडलेला आहे, हे समोरून येणाऱ्याला कळावे म्हणून ती उभी केली जात असे. ट्रेलर नसेल तर पाटी आडवी पाडून दाखवावी.

हौद्याच्या फळ्यांवरील लाकडाच्या रेषा जरा जास्त खोल आहेत, पण फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या, बिजागऱ्या सुबक आहेत. चाके भरीव रबराच्या धावांची आहेत. सैन्याच्या अनेक ट्रकांना तशीच चाके होती, कारण ती पंक्चर होत नाहीत. व्यापाऱ्यांच्या ट्रकांना हवेचे टायर असत आणि ते संचात नाहीत. माहितीपत्रकातही वाळवंटी पिवळा, राखाडी हिरवा आणि सप्टेंबर १९४३ च्या युद्धबंदीनंतर जर्मनांनी बळकावलेल्या ट्रकचा, असे तीनच रंग दिले आहेत. युद्धासाठी सरकारने ज्यांचे ट्रक मागून घेतले, त्या मालवाहतूकदारांच्या ट्रकला एकही रंगयोजना मिळू नये, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तरीही जर्मन रंगातला ट्रक मराठी वाचकाला परका वाटू नये. १९४४-४५ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या इटलीतच जर्मनांविरुद्ध लढत होत्या. तिथेच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या आघाडीचा देखावा उभारणाऱ्याला हा संच उपयोगी पडेल.

नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये, कारण सुटे भाग पुष्कळ आहेत आणि पितळी पत्रा हाताळण्याचा सराव लागतो. इंदूरच्या उन्हाळ्यात पाण्याने चिकटवायच्या चित्रपट्ट्या वाळून तडकतात. माझी नंबरप्लेट तशीच दुभंगली, म्हणून त्या आधी पारदर्शक वॉर्निशने झाकून घ्याव्यात. रंगाचा जुनेपणा दाखवताना सगळीकडे सारखी धूळ फासू नये. देवास नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकांकडे नीट पाहावे: फाळक्याचा रंग माल चढवण्या-उतरवण्याच्या जागीच उडालेला असतो, डिझेलचे ओघळ टाकीच्या तोंडाखाली असतात आणि केबिनची पायरी मधोमध झिजलेली असते. मी माझ्या ३-रोला दुसऱ्या संचातले हवेचे टायर बसवले, हौद्यात धान्याची पोती भरली आणि सैन्याची एकही खूण लावली नाही.