कंपनी माझ्या नावावर, सही त्याच्या ड्रॉवरमध्ये

मी मशीनच्या पार्टची ड्रॉइंग करते. भोसरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं नोकरी केली, मुलगी झाल्यावर सोडली आणि घरूनच कामं घ्यायला लागले. २०२२ मध्ये एक मोठं काम आलं. तिथल्या परचेसवाल्यांनी सांगितलं, "मॅडम, कंपनीच्या नावाचं बिल लागेल." त्यांना खरं तर जीएसटी नंबर असलेला व्हेंडर हवा होता आणि तो नंबर प्रोप्रायटर म्हणून, म्हणजे स्वतःच्या नावावर धंदा करूनही मिळतो. हे मी तेव्हा उलटून विचारलं नाही. सगळं तिथूनच सुरू झालं.

ओळखीतून एका एजंटकडे गेले. दारावर 'टॅक्स कन्सल्टंट', बोलण्यात मात्र "आमचं सीए ऑफिस". तो म्हणाला, "ताई, वन पर्सन कंपनी काढू. टीडीएसची कटकट नाही, टॅक्स जवळपास शून्य. तुम्ही फक्त ओटीपी सांगा." पॅकेज १८,५०० रुपयांचं, त्यातच उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद करण्याचे, ३,५००. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण मोफत आहे, एक रुपयाही लागत नाही. सासूबाईंच्या नावाचं लाइट बिल आणि त्यांचं ना-हरकत पत्र दिलं, नॉमिनी म्हणून यजमानांची सही दिली. डिजिटल सहीसाठी मोबाइलसमोर बसून व्हिडिओ केला. ऑगस्टमध्ये नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. त्याने ते फ्रेम करून दिलं, मी पेढे वाटले.

पेनड्राइव्हसारखं दिसणारं डिजिटल सहीचं टोकन त्याने माझ्या डोळ्यांसमोर आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यात अशी बरीच टोकनं होती, प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि पेनने लिहिलेलं नाव. "इथेच असू द्या ताई, दर वेळी हेलपाटा कशाला?" मला ती सोय वाटली. ते टोकन म्हणजे माझी सही होती. कंपनीच्या नोंदीत ई-मेल आणि मोबाइलही त्याने स्वतःचाच घातला होता, म्हणजे सरकारकडून काही आलं तरी ते त्यालाच मिळणार.

पुढे दर वर्षी 'कंप्लायन्स'चे १२,००० घेत राहिला. जीएसटीचं रिटर्न वेळेवर भरायचा, म्हणून विश्वास बसला. बाकीचं विचारलं की व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर यायचं, "झालं ताई, निश्चिंत राहा."

जून २०२५ मध्ये दुसऱ्या एका क्लायंटच्या अकाउंट्समधल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, एमसीएच्या साइटवर तुमच्या बॅलन्स शीटची तारीखच दिसत नाही." एमसीए म्हणजे केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय. ही माहिती तिथे कुणालाही फुकट बघता येते. मी तीन वर्षांत एकदाही बघितली नव्हती. रकाना रिकामा होता.

मग कंपनी कायद्याची कामं बघणाऱ्या एका कंपनी सेक्रेटरी बाईंनी सगळं उलगडून दाखवलं. नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा फॉर्म भरून धंदा सुरू झाल्याचं कळवावं लागतं, तो भरलाच नव्हता. त्यासाठी वन पर्सन कंपनीला २५,००० पर्यंत आणि संचालकाला रोज ५०० प्रमाणे ५०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. दर वर्षीचे एओसी-४ (हिशेबपत्रकं) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म दोन्ही वर्षांचे राहिलेले. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये आणि त्याला वरची मर्यादा नाही. चारही फॉर्मचा हिशेब दीड लाखाच्या वर गेला. लागोपाठ तीन वर्षं राहिलं असतं, तर पाच वर्षं मी कुठल्याच कंपनीची संचालक होऊ शकले नसते.

टॅक्सचं ऐकून तर मी सुन्न झाले. माझी वर्षाची जमा साधारण ९ लाख. इंजिनिअर म्हणून स्वतःच्या नावावर बिलं केली असती, तर आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली निम्मी रक्कमच उत्पन्न धरता आली असती आणि त्या साडेचार लाखांवर नव्या करपद्धतीत टॅक्स शून्य. ही सवलत कंपनीला नाही. शिवाय उलाढाल कितीही छोटी असो, कंपनीला दर वर्षी ऑडिट सक्तीचं. आणि टीडीएस? तो कंपनीच्या बिलातूनही कापला जातोच.

जाब विचारायला गेले तर म्हणाला, "तुम्हीच कागद वेळेवर दिले नाहीत." सीएंच्या संस्थेकडे तक्रार करावी म्हटलं, तर तो सभासदच नव्हता. खरा सीए असेल तर त्याचा सभासद क्रमांक असतो आणि तो तपासता येतो, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नोंदणीच्या फॉर्मवर एका व्यावसायिकाची प्रमाणित करणारी सही आहे. त्या माणसाचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

तुमची कंपनी कुणी एजंटने काढून दिली असेल, तर आजच एमसीएवर तिची नोंद उघडा. ई-मेल कुणाचा आहे ते पाहा. "भरलं" असं सांगितलं की एसआरएन (फॉर्म भरल्याचा क्रमांक) असलेलं चलन मागा, कारण प्रत्येक फॉर्मचं ते निघतंच. टोकन घरी आणा. एकट्याने काम करत असाल, तर कंपनी काढण्याआधी जो त्या कामाचे पैसे घेणार नाही, अशा माणसाला विचारा.

मी जुनी डिजिटल सही रद्द करून नवी घेतली, मोबाइल आणि ई-मेल बदलले, मागचं ऑडिट करून घेतलं. मुलीच्या नावाची एफडी मोडली आणि तिसऱ्या वर्षाची मुदत यायच्या आत सगळे फॉर्म भरले. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. जुनं टोकन त्याने अजून परत केलेलं नाही.