जॉन्सन की गोल्डवॉटर? अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, १९६४
डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या समर्थकांच्या मते रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर म्हणजे अणुयुद्धाला आमंत्रण. डेझीच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी आणि मागोमाग अणुस्फोट, ही जाहिरात त्यांनी ७ सप्टेंबरला पैसे मोजून एकदाच दाखवली. तेवढ्याने धास्ती बसली. गोल्डवॉटरवाले म्हणत, हाच माणूस सरकारचा पसारा आवरेल, कम्युनिस्टांपुढे नमणार नाही. गोल्डवॉटरचा स्पष्टवक्तेपणा खराच होता. पण माझ्या लेखी निर्णायक मुद्दा बॉम्बचा नाहीच. जॉन्सननी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली, गोल्डवॉटरनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिलं. इथे जॉन्सन निर्विवाद सरस. शांततेचा उमेदवार ही त्यांची प्रतिमा मात्र फसवी ठरली. १९६५ मध्ये त्यांनीच व्हिएतनाममध्ये लढाऊ फौजा उतरवल्या. निकाल जॉन्सनच्या बाजूने, ४८६ विरुद्ध ५२ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यवार मिळणारी मतं). गोल्डवॉटरना स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज मिळाली ती दक्षिणेतली पाच राज्यं.